आभाळातून गोळा पडला तर पैसे मिळतील, धूळ पडली तर नाही: आमच्या घराच्या विम्याचा चार वर्षांचा अनुभव

घराच्या विम्याचा रिव्ह्यू कोणी वाचत नाही हे मला माहितीये. मिक्सरचा वाचतात, मोबाईलचा वाचतात, सेव-उसळच्या लारीचा तर आवर्जून वाचतात. तरी लिहितेय, कारण चार हप्ते भरून, एक क्लेम पास होऊन आणि एक क्लेम तोंडावर आपटून मगच लिहितेय, पॉलिसी हातात पडल्या पडल्या पाच तारे देणाऱ्यांतली मी नाही.

पॉलिसीचं नाव भारत गृह रक्षा. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, १ एप्रिल २०२१ पासून घराच्या आगीच्या विम्याचा मजकूरच ठरवून दिलाय, कुठल्याही कंपनीकडून घ्या, आत तेच छापलेलं असतं. म्हणजे आमच्या बडोद्याच्या भाषेत उसळ सगळीकडे एकच, तर्री ज्याची त्याची. तर्री म्हणजे एजंट आणि क्लेमचा माणूस. त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

आता हा विमा आमच्या घरात आला कसा, तर रॉकेटमुळे. हसू नका.

१२ मे २०२२, गुरुवार. संध्याकाळी वन्संचा फोन, त्या आणंदला असतात. म्हणे अगं आमच्याकडे आभाळातून लोखंडी गोळे पडतायत. मला वाटलं नेहमीसारखं व्हॉट्सॲपवर काहीतरी फिरतंय. पण नाही, खरंच भालेजला पावणेपाचच्या सुमाराला एक काळा धातूचा गोळा पडला होता, साधारण पाच किलोचा, मग खंभोळज आणि रामपुऱ्याला तसेच दोन. दोन दिवसांत खेडा जिल्ह्यातून बातमी आली आणि मग आमच्याच जिल्ह्यातल्या सावलीकडून पण. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पोलीस आले, फॉरेन्सिकवाले आले, आणि जोनाथन मॅकडॉवेल म्हणून खगोलशास्त्रज्ञ आहेत, वरून काय काय खाली येतं त्याचा हिशोब ठेवतात, त्यांनी सांगितलं की हे चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचे अवशेष असावेत.

बरं त्याच्या आधी दीडच महिन्यापूर्वी, गुढीपाडव्याच्या रात्री म्हणजे २ एप्रिलला, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला भली मोठी धातूची रिंग पडली होती, जवळजवळ तीन मीटर व्यासाची, आसपासच्या गावांत गोळे पण सापडले. महाराष्ट्रापासून मध्य प्रदेश-गुजरातपर्यंत लोकांनी आभाळात ती जळत जाणारी रेघ बघितली, आमच्या नागपूरच्या जावेनं गच्चीवरून व्हिडिओ पाठवला होता, त्यात निम्मा वेळ तिचा अंगठाच दिसतो. ते पण चँग झेंग ३बीच, त्याचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ ला उडालेला. म्हणजे वर्षभराहून जास्त तो रिकामा डबा पृथ्वीभोवती फिरत होता आणि कुठे पडणार ते ठरवायला वर कोणी नव्हतं.

सासूबाईंना मात्र यात काही नवीन नव्हतं. त्या १९७९ ला लग्न होऊन दांडियाबाजारात आल्या, ते स्कायलॅबचं वर्ष, म्हणजे नासाचं अवकाश स्थानक खाली कोसळलं ते. म्हणे रेडिओवर रोज, आज पडणार उद्या पडणार. गल्लीत एका घरी तर मरायचंच आहे तर गोड खाऊन मरू म्हणून साजूक तुपातला शिरा झाला होता आणि अख्ख्या गल्लीत वाटला होता. ११ जुलैला ते पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. तिकडच्या एस्पेरन्स गावानं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला, हा किस्सा सांगितला की सासूबाई अजून हसतात. पण लगेच पुढे म्हणतात, आम्ही वर बघत बसलो आणि बरोब्बर महिन्यानं, ११ ऑगस्टला, मोरबीत मच्छू धरण फुटलं. हे त्या दरवेळी म्हणतात आणि दरवेळी मधे थोडं थांबतात.

असो. आमचं घर म्हणजे जुना वाडा, पुढचं सागवानी, मागच्या स्वयंपाकघरावर पत्रा. नवऱ्यानं गोळ्याचा फोटो बघितला, पत्र्याकडे बघितलं, मग बरोबर त्याच्या खाली गॅसवर ठेवलेल्या कुकरकडे बघितलं. आणि एजंटला फोन केला. वीस वर्षं सांगत होते सगळे की घराचा विमा काढा, भूकंप झाला २००१ ला तरी काढला नाही, विश्वामित्रीला पूर येतो, मगरी रस्त्यावर येतात, तरी नाही. काढला तो चीनच्या गोळ्यामुळे.

एजंट आमच्या गल्लीतलेच, सगळे त्यांना मोटाभाई म्हणतात. चहा घेत घेत म्हणाले, भाभी चिंता ना करो, आभाळनुं पण कव्हर छे. मी हिशोबनीस बाई, दिवसभर लोकांच्या टॅली बघते, मला 'कव्हर छे' म्हटलं की कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणायची सवय. त्यांना सापडेना. मग रात्री मीच बसले मजकूर घेऊन.

आणि इथे खरी गंमत आहे. आपल्याकडचा जुना आगीचा विमा होता ना, स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स, त्यात विमानाच्या नुकसानीच्या कलमात चक्क 'अदर एरियल ऑर स्पेस डिव्हायसेस' आणि त्यातून पडलेल्या वस्तू असं लिहिलेलं होतं. म्हणजे ज्यानं कोणी ते लिहिलं त्यानं विमानाच्या पुढचा विचार केलेला. नव्या गृह रक्षामध्ये ते कलम नाही, त्याऐवजी 'इम्पॅक्ट डॅमेज ऑफ एनी काइंड', कुठलीही बाहेरची वस्तू येऊन आदळली तर, आणि उदाहरणं दिलीयेत गाडी, झाड, विमान, भिंत वगैरे. यात गोळा बसतो, आरामात बसतो. 'स्पेस' शब्द पण आहे, पण तो 'हे मिळणार नाही'च्या रकान्यात! ध्वनीपेक्षा जास्त वेगानं जाणाऱ्या विमानामुळे किंवा अवकाशातल्या वस्तूमुळे उठलेल्या दाबाच्या लाटांनी नुकसान झालं तर ते नाही. म्हणजे वस्तू अंगावर पडली तर पैसे, नुसती डोक्यावरून धडाम करून गेली आणि काचा फुटल्या तर काचा तुमच्या तुम्ही बसवा.

एक शंका मला होती की एवढ्या वरून एवढ्या वेगानं आलेला गोळा जमिनीत विहीर कशी पाडत नाही. तर ते गोळे म्हणजे दाबाखालच्या वायूच्या टाक्या असतात, हेलियम वगैरे भरायच्या, आतून पोकळ. रॉकेटचं अंग बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं, ते ६६० अंशाला वितळतं, वरच जळून जातं. टाक्या बऱ्याचदा टायटॅनियमच्या, त्याला वितळायला १६७० च्या आसपास अंश लागतात, म्हणून त्या शाबूत येतात, आणि पोकळ हलक्या असल्यामुळे हवेत लवकर मंदावतात. शेवटी येतात ते गच्चीवरून टाकलेल्या भांड्यासारखे, फक्त गच्ची फार उंच. पत्र्याला तेवढं पुरे. सगळंच असं हलकं नसतं म्हणा, केनियात मुकुकू गावात ३० डिसेंबर २०२४ ला अडीच मीटरची, पाचशे किलोची रिंग पडली, त्यापुढे माझा वाडा काय आणि पॉलिसी काय.

तर विमा घेतला. इमारतीचे ३५ लाख धरले, जागेची किंमत यात येत नाही हे लक्षात ठेवा, फक्त परत बांधायचा खर्च. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, जास्तीत जास्त १० लाख, म्हणजे आम्हाला ७ लाख. हप्ता जीएसटीसकट वर्षाला दोन हजारांच्या आत. एका लग्नाच्या आहेरात यापेक्षा जास्त जातात. भूकंप, पूर, वीज, वादळ सगळं यातच, आणि विमा कमी रकमेचा होता म्हणून क्लेम कापणं हा जुना त्रास या पॉलिसीत काढून टाकलाय, तो मुद्दा मला सगळ्यात आवडला. मिसाईल टेस्टिंगमुळे झालेलं नुकसान हा तर वेगळा मुद्दा लिहिलाय. दांडियाबाजारात त्याचा कधी उपयोग होईल असं वाटत नाही पण वाचायला भारी वाटतं.

गोळा काही पडला नाही. पडलं ते शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. गेल्या उन्हाळ्यात ती वावटळ आली होती बघा, होर्डिंगं पडली, झाडं पडली, त्यात त्यांचं काळं प्लॅस्टिकचं झाकण उडून आमच्या अगाशीवरच्या सोलर हीटरच्या नळ्यांवर आदळलं आणि तिथून घरंगळत स्वयंपाकघराच्या पत्र्यावर. मी खाली वरणाला फोडणी देत होते. जो आवाज झाला! माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल, तर "चीनचा पडला". सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "शिरा करायला घेऊ का?"

पाच नळ्या फुटल्या, दोन पत्रे चेपले, एकाला भोक. क्लेम टाकला. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी आला, पोरगेलासा होता, शूज काढून वर आला ते बरं वाटलं. पहिला प्रश्न, "आदळलेली वस्तू कुठाय?" आता झाकण तर शेजारच्यांनी त्याच संध्याकाळी नेऊन परत टाकीवर बसवलं होतं, वर वीट ठेवून. मग मी त्याला आमच्या अगाशीवरून शेजारची टाकी दाखवली, झाकणाची कड चेपलेली दाखवली, त्यानं झूम करून फोटो काढला. पत्र्याला आधीपासून गंज होता म्हणून थोडं कापलं. चौदा हजार मागितले होते, ११,६०० मिळाले, सहा आठवड्यांत. मला वाटतं हे ठीक आहे. उत्तम नाही, ठीक.

पण एक हसू येणारी गोष्ट. पॉलिसीत पडझडीचा मलबा हलवायचा खर्च पण मिळतो, क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत. ११,६०० चे दोन टक्के म्हणजे २३२ रुपये. २३२ रुपयांत टेम्पोवाला आमच्या गल्लीत तोंड पण वळवत नाही. फुटलेल्या काचा मीच गोणीत भरून, वर जाड अक्षरात 'काच' लिहून कचरागाडीवाल्याला दिल्या, सोबत एक वाटी चिवडा.

आता दुसरा क्लेम, जो आपटला. दिवाळीनंतर पलीकडचा जुना वाडा पाडायला घेतला. ब्रेकर लावून. तीन आठवडे. ज्यांनी दीडशे वर्षांच्या वाड्याचा चुना आणि माती उडताना बघितलीये त्यांनाच कळेल. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता येत होतं. सासूबाईंचा खोकला दोन महिने गेला नाही. सोलर पॅनलवर थर बसून वीज कमी, एसीची जाळी धुतली तर बादलीत अक्षरशः चिखल. आणि एक दिवस तर दुधाच्या पातेल्यावर साय धरली म्हणून चमचा घातला आणि ती साय नव्हती.

मी पॅनल साफ करायचे, एसी सर्व्हिसचे आणि घर धुवून घ्यायचे असे मिळून नऊ हजारांचा क्लेम टाकला. मला माहिती होतं मिळणार नाही, पण टाकला. फोनवर बाई म्हणाली मॅडम धूळ म्हणजे इम्पॅक्ट नाही. मी म्हटलं बाहेरून आलेली आहे, वस्तू आहे, येऊन पडली आहे, अजून काय पाहिजे? ती म्हणाली वस्तू दिसली पाहिजे. मी म्हटलं या ना, दिसते का बघा! मग मेल आला, प्रदूषण किंवा दूषितीकरणामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. आणि ते बरोबर आहे, लिहिलेलंच आहे तसं. त्याला एक पोटकलम आहे, प्रदूषण जर विमा असलेल्या घटनेतूनच झालं असेल तर चालतं. म्हणजे गोळा माझ्याच घरावर पडला आणि त्यानं धूळ उडाली तर ती धूळ पात्र. दुसरीकडे काहीतरी झालं आणि त्याची धूळ वाऱ्यानं माझ्याकडे आली तर ती अपात्र. धुळीला पण जात-दाखला लागतो.

हे वाचलं आणि मला टेक्सासचं आठवलं. ज्या दिवसापासून वन्संचा तो फोन आला त्या दिवसापासून मी असल्या बातम्या वाचते, वाईट सवय लागलीये. २० एप्रिल २०२३ ला बोका चिकाहून स्पेसएक्स कंपनीचं पूर्ण स्टारशिप रॉकेट पहिल्यांदा उडालं, खाली ३३ इंजिनं, आणि त्यांच्या खाली काय, तर साधा काँक्रीटचा ओटा. आग बाजूला वळवायला खंदक नाही, पाण्याचा मारा नाही. तुम्ही पाइपानं जोरात पाणी कुंडीत मारून बघा, माती कुठे कुठे जाते. तसा तो ओटाच उखडला, खाली मोठा खड्डा, काँक्रीटचे तुकडे पार समुद्रात. कॅमेरे लावून उभी केलेली एक मिनीव्हॅन होती, तिच्या मागच्या बाजूला एक ढेकूळ असं येऊन बसलं की त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. आणि बारीक जे होतं ते ढगासारखं वर गेलं आणि वाऱ्याबरोबर गावाकडे. अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानं नंतर सांगितलं, ३८५ एकरांत तुकडे, साडेतीन एकरांत आग आणि साडेसहा मैलांपर्यंत धुळीचा लोट. साडेसहा मैल म्हणजे दहा किलोमीटरच्या वर. आमच्या दांडियाबाजारात ओटा फुटावा आणि माती मकरपुऱ्याच्याही पलीकडे पडावी.

पोर्ट इसाबेल म्हणून गाव आहे तिथे, गाड्यांवर, खिडक्यांवर, रस्त्यांवर राखाडी-तपकिरी वाळूसारखा थर बसला. घरं हलली. आता गंमत बघा, त्या व्हॅनचा क्लेम कुठल्याही विम्यात सोपा, ढेकूळ दिसतंय, भोक दिसतंय, व्हिडिओ आहे. पण ज्या बाईनं सकाळी दोरीवर कपडे घातले होते तिचं काय? जिनं परत सगळं घर पुसलं तिचं काय? तिचं बिल कोणाला? माझ्या पॉलिसीच्या हिशोबानं ती अपात्र. आवाजाच्या दाबानं काच फुटली, त्यावर पण वाद घालतील. लांबवर, हजारो किलोमीटरवर ज्याच्या शेतात टाकी पडते त्याची बातमी होते, आणि रोज जो रॉकेट उडवायच्या ओट्याच्या, म्हणजे पॅडच्या शेजारी राहतो त्याच्या वाट्याला येतं ते सगळं बारीक, हादरा, आवाज, धूळ, रस्ता बंद. विम्यात 'बारीक'चं कलमच नाही.

नंतर स्पेसएक्सनं रॉकेटच्या खाली पाण्यानं गार होणारी पोलादी प्लेट बसवली, नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात पॅड टिकलं. म्हणजे उपाय होता, आधीच करता आला असता. पण हे मी विम्याच्या रिव्ह्यूत कशाला लिहितेय.

हां, आपल्याकडचं पण लिहिते, नाहीतर वाटेल बाहेरच्यांनाच नावं ठेवतेय. आपण रॉकेटं सोडतो ते श्रीहरिकोटा बेटावर आहे, एका बाजूला पुलिकत सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र, जळालेले टप्पे बंगालच्या उपसागरात पडतात, कोळ्यांना त्या दिवशी समुद्रात जाऊ नका म्हणून सांगतात. जागा विचार करून निवडलेली आहे हे मान्यच. चीनची जुनी केंद्रं देशाच्या आत आहेत, त्यांचे टप्पे गावांजवळ पडतात, केशरी धुरासकट, आणि तो धूर विषारी असतो. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात साधारण १३८ टन घन इंधन असतं, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखा बांधणारा पदार्थ. ते जळलं की पांढरा शुभ्र धूर, टीव्हीवर फार सुंदर दिसतो, मी स्वतः हात जोडते. त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची धूळ असते आणि हायड्रोजन क्लोराइड. ते पाण्यात मिसळलं की जे होतं ते आपण बाथरूमच्या फरशीला वापरतो तेच अ‍ॅसिड. अमेरिकेत स्पेस शटल उडायचं तेव्हा पॅडजवळच्या उथळ पाण्यात मासे मरायचे, ते यामुळेच. आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर एक मोठा तांब्याच्या रंगाचा डबा वाहून आला, लोक फोटो काढत बसले, तो निघाला आपल्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा. इस्रोनं मान्यही केलं. म्हणजे सासूबाईंचा स्कायलॅब जिथे गेला त्याच बाजूला आपलंही गेलं. दंड नाही झाला एवढंच.

परत विम्यावर येते. लोकांचा एक गैरसमज, मोटाभाईंचा पण होता, की गोळा पडला तर चीनकडून पैसे मिळतील मग विमा कशाला. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, जमिनीवर नुकसान झालं तर रॉकेट सोडणारा देश पूर्ण जबाबदार, चूक सिद्ध करायची पण गरज नाही. ऐकायला छान. पण क्लेम तुम्ही-मी करायचा नाही, आपल्या सरकारनं त्यांच्या सरकारकडे करायचा, आणि एका वर्षाच्या आत. कॅनडात १९७८ ला सोव्हिएत रशियाचा अणुभट्टीवाला कॉसमॉस ९५४ उपग्रह पडला, बर्फात किरणोत्सारी तुकडे विखुरले, कॅनडानं साधारण ६० लाख डॉलर मागितले, १९८१ ला मिळाले ३० लाख, त्यांचेच कॅनेडियन डॉलर. एका देशाला तीन वर्षं लागली आणि निम्मे मिळाले, त्यापुढे माझे सहा आठवडे आणि ११,६०० चांगलेच म्हणायचे. फ्लोरिडात मार्च २०२४ मध्ये अवकाश स्थानकावरून टाकलेल्या बॅटरीच्या सामानातला सातशे ग्रॅमचा तुकडा एका घराच्या छपरातून आत घुसला, त्या कुटुंबानं नासाकडे ८० हजार डॉलरच्या वर मागणी लावली. सातशे ग्रॅम! आमच्या घरचा बत्ता यापेक्षा जड आहे.

अजून एक, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. क्लेमच्या माणसाला 'आदळलेली वस्तू' दाखवावी लागते. पण आभाळातला गोळा तुमच्याकडे राहणारच नाही. पोलीस घेऊन जाणार, आणि १९६८ च्या करारानुसार ज्याचा आहे त्या देशानं मागितला तर परत द्यायचा असतो. म्हणजे ना हात लावायचा (इंधनाच्या टाकीत हायड्राझीन राहिलेलं असू शकतं, ते फार विषारी, पोरांना तर जवळ जाऊच देऊ नका), ना उचलून माळ्यावर ठेवायचा. लांबूनच फोटो, शेजारी पट्टी नाहीतर लाटणं ठेवल्याशिवाय आकार कळत नाही तर निदान खांबाशेजारी दिसेल असा, पंचनाम्याची कॉपी मागून घ्या, आणि पोलीस गोळा नेताना जीपमध्ये ठेवतायत त्याचा पण एक फोटो. आणि हो, पॉलिसीत घटना घडल्यापासून सात दिवसांत त्यामुळे चोरी झाली तर तीही धरतात. छपराला भोक असताना गल्लीतले पन्नास लोक 'बघायला' येणार म्हटल्यावर हे कलम ज्यानं घातलं त्याला माणसं कळतात.

मग घ्यावा का? घ्या बाबांनो. दोन हजारांत पूर, भूकंप आणि शेजाऱ्यांची झाकणं एवढं सगळं मिळतं तर गोळा फुकटच समजा. वाडा किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर नक्की. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा तारा 'दाबाच्या लाटां'साठी कापला आणि एक पूर्ण तारा धुळीसाठी. एजंटला मात्र पाच, मोटाभाई क्लेमच्या वेळी स्वतः अगाशीवर चढले होते, गुडघे दुखत असताना, आणि खाली उतरून म्हणाले, "भाभी, बाजूवाळानुं ढांकण हजी ढीलुं छे."

ते खरंच ढिलं आहे. वीट पण सरकलीये. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, हप्ता भरेन तेव्हा भरेन, पण काल मी नवऱ्याला शिडी धरायला लावून वर चढले आणि नव्या पत्र्याचे आठ फोटो काढले, चारही कोपरे, कडेला आजचा पेपर ठेवून, तारीख दिसेल असा. गंज नाही हे यावेळी लेखी आहे.